जांभळा नेमका कुठला? कासच्या एका फोटोची चिरफाड

हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. म्हणजे हाच नसेल, पण याच्यासारखे शंभर तरी. सप्टेंबरातलं कास पठार. खाली जांभळ्या-गुलाबी फुलांचा गालिचा, मध्ये सोनकीचा पिवळाधमक पट्टा, मागे पोपटी गवत आणि वर काळेनिळे ढग. मोबाइलवर बघताना बोट थांबतंच.

या लेखात ज्या फोटोवर टीका करणार आहे तो माझाच आहे. दोन वर्षांपूर्वी मी तो काढला, एडिट केला, आणि सगळ्यांनी कौतुक केल्यावर प्रोग्रेस सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर मोठा करून लावला. माझं काम जांभ्याच्या सड्यांवरच्या फुलोऱ्यावर आहे. ठरलेल्या जागांवरून दर आठवड्याला फोटो काढायचे आणि कुठल्या रंगाच्या फुलांनी किती जागा व्यापली ते मोजायचं. त्यामुळे पहिली स्लाइड कासचीच हवी, असं मला वाटलं.

कमिटीतल्या एका मॅडमचं आयुष्य सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण करण्यात गेलंय. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, ही डावीकडची पट्टी सीतेच्या आसवांची आहे की जांभळ्या मंजिरीची?"

मला सांगता आलं नाही. मी तिथे उभी राहून तो फोटो काढला होता, गुडघे भिजेपर्यंत. तरी स्लाइडकडे बघून सांगता येईना. मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत. पण तुम्ही पेटची किंवा मुलाखतीची तयारी करत असाल, तर असा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे हे धरून चाला. तो फुलाबद्दल नसेल, तुमच्या एखाद्या आलेखाबद्दल असेल. प्रश्नाचा अर्थ मात्र तोच: तुम्ही दाखवताय त्यातलं किती तिथे होतं आणि किती तुम्ही घातलंत?

फोटोत मी काय काय केलं होतं

आता फोटो नीट बघू. सगळ्यात आधी सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे ढकलला होता. हा स्लायडर सगळ्या रंगांना सारखंच ढकलतो. जे रंग आधीच गडद आहेत त्यांनाही तो सोडत नाही. सोनकी मुळातच गडद पिवळी असते, तिच्या पाकळ्यांवरच्या बारीक शिरा नाहीशा झाल्या आणि उरला तो सपाट पिवळा डाग. ती फुलं आहेत की कोणी रंग सांडलाय, जवळून बघितलं तरी कळत नाही.

मग गवत. सप्टेंबरच्या मध्यावर पठारावरचं गवत एकसारखं हिरवं नसतं. ओलीत ते गडद असतं, जांभ्याच्या उघड्या कातळाजवळ पिवळट, आणि काही ठिकाणी तुऱ्यांमुळे तपकिरी झाक असते. मी हिरव्याचा रंगच पोपटीकडे सरकवला होता. सगळं गवत एका वयाचं झालं.

तिसरी गोष्ट जांभळ्याची, आणि खरी चूक इथे आहे. कासला "जांभळी" फुलं एकाच जांभळ्याची नसतात. सीतेची आसवे निळसर जांभळी. मंजिरीचा जांभळा जरा फिका, धुरकट. तेरडा तर सरळ गुलाबीकडे झुकलेला. त्या दिवशी ढगाळ होतं, तिन्ही रंग फिके दिसत होते, म्हणून मी जांभळा आणि मजेंटा हे दोन्ही स्लायडर वाढवले. तिघं मिळून एकच झगझगीत जांभळा तयार झाला. मॅडमना जो फरक दिसायला हवा होता तो मीच पुसला होता.

म्हणजे माझा आक्षेप "रंग फार भडक झालेत" एवढाच नाही. भडक आवडणं ही आवडीनिवडीची गोष्ट आहे. १९९० साली फुजीची व्हेल्व्हिया फिल्म आली तेव्हापासून निसर्गछायाचित्रकारांनी भडक रंग हौसेने वापरलेत, आणि त्यातले कित्येक फोटो उत्तम आहेत. माझा आक्षेप असा आहे की फोटोत रंग वाढला आणि माहिती कमी झाली.

थोडं गणित, घाबरू नका

हे कसं होतं ते आकड्यात बघा. जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मध्ये. समजा सोनकीच्या एका पाकळीवर दोन ठिपके आहेत. एकात लाल २४०, दुसऱ्यात २२५. हा १५ चा फरक म्हणजेच पाकळीची शीर, तिची घडी, तिचा पोत. आता लाल १५ टक्क्यांनी वाढवा. पहिला होतो २७६, दुसरा साधारण २५९. पण २५५ च्या वर जागाच नाही, त्यामुळे दोन्ही २५५. फरक शून्य. शीर गेली. (सॅच्युरेशनचं खरं सूत्र याहून वेगळं असतं, पण शेवट असाच होतो.)

आता यानंतर स्लायडर मागे आणून फाइल पुन्हा सेव्ह केली तर? शीर परत येत नाही. २५५ आणि २५५ मधून १५ चा फरक कोण काढणार? म्हणून रॉ फाइल जपायची. रॉमध्ये १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे एका ठिपक्याला २५६ च्या जागी ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. आणि रॉवर केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे साठतात, मूळ आकडे तसेच राहतात.

फुलांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. कॅमेऱ्यावर जो एकत्रित हिस्टोग्राम दिसतो तो उजेडाचा असतो. तो नीट मध्यभागी बसलेला दिसेल आणि तरीही पिवळ्या फुलाचा लाल चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असेल. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघायची सवय लावा. मला ही सवय सेमिनारनंतर लागली. आधी लागली असती तर बरं झालं असतं.

मग एडिटच करायचं नाही का?

सेमिनारहून परत आल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती. ठरवलं की आता कसलंही एडिटिंग नको, कॅमेऱ्यातून जे येईल ते जसंच्या तसं. आठवडाभर फार प्रामाणिक वाटलं. मग सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी विचारलं, "कॅमेऱ्यातून जे येतं ते कोणी ठरवलंय?"

हा प्रश्न सोडू नका, कारण "नो फिल्टर" लिहिणारे इथेच फसतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बेयर फिल्टर असतो. ब्राइस बेयर यांनी कोडॅकमध्ये असताना तो शोधला आणि १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं. यात प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मग व्हाइट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट, मग कंपनीला आवडणारे रंग. जेपेग तुमच्या हातात येतो तोवर त्याचं एक एडिटिंग होऊन गेलेलं असतं, फक्त ते तुम्ही केलेलं नसतं.

शिवाय कॅमेरा डोळ्यासारखं बघतच नाही. त्याने डोळ्यासारखं बघायचं तर त्याच्या तीन रंगांच्या संवेदनशीलतेचं डोळ्याच्या संवेदनशीलतेशी ठरावीक गणिती नातं हवं. ही अट रॉबर्ट लुथर यांनी १९२७ सालीच मांडली होती, आणि बाजारातले कॅमेरे ती पूर्णपणे पाळत नाहीत. निळ्या-जांभळ्या फुलांना याचा जास्त फटका बसतो. फिल्मच्या काळात तर याला नावच होतं, ॲजरेटम परिणाम. ॲजरेटमचं निळसर फूल फिल्मवर गुलाबी उमटायचं. ते फूल गडद लालच्या पलीकडचा प्रकाश भरपूर परावर्तित करतं. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, फिल्मला मात्र दिसायचा. अशा वेळी न छेडलेला फोटोच चुकीचा असतो आणि दुरुस्ती करणं हेच प्रामाणिकपणाचं काम ठरतं.

आता डोळ्याची बाजू. हंट यांनी १९५२ साली दाखवलं की उजेड वाढला की तोच रंग आपल्याला जास्त रंगीत दिसतो. पठारावरचा ढगाळ दिवससुद्धा लॅपटॉपच्या पडद्यापेक्षा कितीतरी उजळ असतो. त्यामुळे आकड्यांनी बरोबर असलेला फोटो पडद्यावर मरगळलेला वाटतो. तो थोडासा रंगीत करणं म्हणजे खोटेपणा नाही, ती भरपाई आहे.

पण मग थांबायचं कुठे? इथे आठवणीवर विसंबू नका. बार्टलसन यांनी १९६० साली ओळखीच्या वस्तूंचे आठवणीतले रंग तपासले. गवतासारख्या गोष्टी लोकांना प्रत्यक्षाहून जास्त गडद रंगात आठवत होत्या. म्हणजे "मी तिथे होते, मला आठवतंय" हा पुरावा नव्हे. मी रात्री हॉस्टेलवर बसून पठारावरचं हिरवं आठवत होते आणि स्लायडर सरकवत होते. तो रंग पठारावरचा नव्हताच, माझ्या डोक्यातला होता.

नैसर्गिक म्हणजे काय, माझी व्याख्या

इतकं झाल्यावर मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. फोटो नैसर्गिक आहे की नाही हे स्लायडर कुठे आहे त्यावरून ठरत नाही. जागेवर दोन गोष्टींत जो फरक होता तो फोटोत शिल्लक आहे का, हे बघायचं. सीतेची आसवे आणि मंजिरी वेगळी दिसतात का? ओलं गवत आणि सुकं गवत वेगळं दिसतं का? आणि जिथे फरक नव्हता तिथे मी नवा तर निर्माण केला नाही ना? एवढं सांभाळून फोटो थोडा रंगीत असेल तर मला चालतो. हे सांभाळलं नसेल तर फिका फोटोही माझ्या दृष्टीने अनैसर्गिक.

या कसोटीवर मी तोच फोटो रॉ फाइलपासून परत एडिट केला. क्रम सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे.

आधी व्हाइट बॅलन्स. माझ्या कामात प्रत्येक जागेवर पहिला फोटो रंगतक्त्याचा असतो, २४ चौकोनांचा. हा तक्ता १९७६ सालापासून वापरात आहे आणि गंमत म्हणजे त्यातल्या एका चौकोनाचं नावच "निळं फूल" आहे, दुसऱ्याचं "पानं". राखाडी चौकोनावरून व्हाइट बॅलन्स लावला की ढगाळ उजेडाचा निळेपणा निघून जातो. तक्ता नसेल तर राखाडी कार्ड चालेल.

मग एक्सपोजर, पिवळ्या फुलांकडे लक्ष ठेवून. लाल चॅनेल भिंतीला लागत असेल तर उजेड कमी करायचा, सावल्या नंतर उघडता येतात.

मग व्हायब्रन्स, अगदी थोडा. सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स यांतला फरक इथे उपयोगी पडतो. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त वाढवतो आणि आधीच गडद असलेल्यांना कमी. त्यामुळे गवत आणि फिकी मंजिरी सावरली, सोनकी भाजली नाही.

शेवटी एकेका रंगाचे स्लायडर, आणि इथे एक नियम: रंगाची जात बदलायची नाही. जांभळा उजळ किंवा गडद केला तर एक वेळ ठीक, पण त्याला गुलाबीकडे सरकवलं की तुम्ही जवळपास फुलाची ओळखच बदलता. तक्त्यावरून रंग चुकल्याचं दिसत असेल तरच हात लावायचा, आणि तीच दुरुस्ती त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंना.

एडिटिंगच्या आधीच झालेली अतिशयोक्ती

टीका पूर्ण करायची तर एक कबुली राहिली. त्या फोटोतला "गालिचा" कुठल्याच सॉफ्टवेअरने केलेला नव्हता. तो मी केला होता, पोटावर झोपून. कॅमेरा जमिनीलगत ठेवून तिरका धरला की मागची फुलं पुढच्या फुलांच्या मधल्या फटी भरून काढतात. लांब लेन्स लावली तर मागचं-पुढचं आणखी जवळ येतं. त्याच जागी उभं राहून खाली बघितलं तर फुलांइतकंच गवत, चिखल आणि उघडा कातळ दिसतो. म्हणूनच मोजणीसाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून बरोबर वरून फोटो काढतात.

असे फोटो बघून लोक कासला येतात आणि गालिचा शोधतात. फुलं पंधरा-वीस दिवसांत बदलतात, पाऊस पुढे-मागे होतो, मग "यंदा काहीच नाही" म्हणत गालिच्याच्या शोधात वाट सोडून आत शिरतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात गेलेली ही जागा आहे, आणि कातळावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की पायाखाली काय काय जातं ते कळतही नाही. माझा एक फोटो या सगळ्याला जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. पण माझा फोटो त्याच ढिगातला होता.

याची किंमत

सेमिनारमधली फजिती परवडली. खरी किंमत नंतर कळली. त्याच महिन्यात एका आठवड्याचे मोजणीचे फोटोही मी तोच प्रीसेट लावून जेपेग करून ठेवले होते, आणि कार्ड भरलं म्हणून रॉ फाइल उडवल्या होत्या. "नंतर नीट दिसावं म्हणून." आकडे काढले तेव्हा त्या आठवड्यात सोनकीचं क्षेत्र अचानक उडी मारताना दिसलं. मी खूश झाले, वाटलं काहीतरी सापडलं. सापडलं होतं ते एवढंच की प्रीसेटने पिवळट गवत आणखी पिवळं केलं होतं आणि माझा प्रोग्रॅम त्याला फूल म्हणून मोजत होता.

तो आठवडा माहितीतून काढून टाकावा लागला. रसायनाचा प्रयोग असता तर परत केला असता. सप्टेंबर परत करता येत नाही. प्रबंधात त्या वर्षीच्या आलेखात एक रिकामी जागा आहे आणि तिच्याखाली कारण लिहिलेलं आहे. व्हायवात ती जागा कोणीतरी नक्की विचारणार.

संशोधनातल्या चित्रांबद्दलचे नियम काही गुप्त नाहीत. रॉस्नर आणि यामादा यांनी २००४ साली जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीमध्ये ते फार स्वच्छ लिहिलेत. ते पेशी आणि जेलच्या चित्रांबद्दल आहेत, पण फुलांनाही लागू पडतात: बदल करायचा तर पूर्ण चित्रावर सारखा करा, त्याने मूळची माहिती झाकली जाता कामा नये, आणि साध्या उजेड-कॉन्ट्रास्टच्या पलीकडे काही केलं असेल तर ते सांगा. मी हे वाचलं होतं. वाचलं होतं आणि माझ्या फोटोला लागू होतं असं वाटलं नव्हतं, कारण माझा फोटो "फक्त सुंदर" होता.

म्हणून तुम्ही काम सुरू करायच्या आधीच चार गोष्टी करा. रॉ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि कधीही उडवू नका, हार्ड डिस्क स्वस्त पडते. मोजणीचे फोटो आणि दाखवायचे फोटो पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कुठल्या फोटोवर काय केलं ते वहीत एका ओळीत लिहा. आणि फोटोखाली ओळ टाकताना कोन सांगा, उजेड सांगा, एडिटिंग सांगा. "कास, सप्टेंबर, जमिनीलगतून, ढगाळ उजेड, व्हाइट बॅलन्स तक्त्यावरून" एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

नव्याने एडिट केलेला फोटो मी गेल्या हंगामात आमच्याबरोबर पठारावर येणाऱ्या मामांना दाखवला. ते शेजारच्या गावचे, फुलांची नावं मी त्यांच्याकडून शिकले. त्यांनी मोबाइल उन्हातून आडोशाला धरला, बराच वेळ बघितला आणि डाव्या पट्टीवर बोट ठेवलं. "आसवं हायत ही. म्हंजी हितं तवा पाणी हुतं. आता बुजलंय बघा ते."

आम्ही जाऊन बघितलं. खरंच बुजलं होतं. ती जागा आता माझ्या यादीत आहे.